सण, गाणी आणि ऋतूंच्या संगतीने इटालियन : मराठी भाषकांसाठी वर्षभराची आखणी

इटालियन शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाच्या हाती बहुतेक वेळा इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेले पुस्तक पडते आणि तिथेच त्याचे दुहेरी नुकसान होते. जे उच्चार आपल्या जिभेवर जन्मापासून आहेत ते त्याला अवघड म्हणून शिकवले जातात, आणि व्याकरणातल्या ज्या गोष्टी आपण रोज बोलतो त्या ‘विचित्र अपवाद’ म्हणून पाठ करायला लावल्या जातात. मी स्वतः पहिले वर्ष असेच घालवले. नंतर विद्यार्थ्यांबरोबर काम करताना दोन गोष्टी माझ्यापुरत्या पक्क्या झाल्या. इटालियनकडे मराठीच्या दारातून जावे, आणि पाठांचा क्रम पुस्तकातल्या धड्यांवरून न लावता इटलीतल्या सणावारांवरून लावावा. गाणे, सण आणि त्या वेळी तोंडी असलेले शब्द एकत्र आले की ते विसरत नाहीत, आणि वर्ष फिरून आले की तेच शब्द आपोआप पुन्हा समोर येतात. पुढची आखणी या दोन गोष्टींवर उभी आहे. रोज पाऊण तास आणि एक जाड वही एवढी तयारी पुरेशी आहे.

पहिली पायरी : कान आणि जीभ (पहिले तीन आठवडे)

या तीन आठवड्यांत व्याकरणाला हात लावू नये. वहीत प्रत्येक नवा शब्द मूळ लिपीत लिहावा आणि शेजारी देवनागरीत त्याचा उच्चार लिहावा. देवनागरीत लिहिताना ‘ट’ आणि ‘ड’ ही अक्षरे वहीतून हद्दपार करावीत. इटालियन ‘त’ आणि ‘द’ हे आपल्या ‘ताट’ आणि ‘दार’ यांतल्यासारखे दातांवर जीभ टेकवून होतात. आपण ‘इटली’ म्हणतो ते इंग्रजीच्या वाटेने आलेले रूप आहे; त्या देशातली माणसे आपल्या देशाला ‘इतालिया’ म्हणतात. त्याचप्रमाणे ‘प’, ‘त’, ‘क’ यांच्यात श्वासाचा झोत मिसळत नाही, जो टाळायला इंग्रजी भाषकाला महिने लागतात. आपल्याला ‘प’ आणि ‘फ’ वेगळे ठेवण्याची सवय असल्यामुळे ही अडचण मुळातच नाही.

आता मराठीची खरी देणगी. आपल्याकडे ‘च’ दोन आहेत : ‘चमचा’मधला दातांजवळचा आणि ‘चिंच’मधला टाळूवरचा. ‘ज’ही दोन आहेत : ‘जाड’मधला आणि ‘जीभ’मधला. इटालियनमध्ये ‘द्झेता’ नावाचे अक्षर कधी ‘चमचा’तल्या ‘च’सारखे, तर कधी ‘जाड’मधल्या ‘ज’सारखे उच्चारले जाते. पिझ्झा हा शब्द आपण ‘झ’ने म्हणतो, पण मुळात तिथे ‘चमचा’तला ‘च’ दुप्पट दाबून म्हणायचा असतो. टाळूवरच्या ‘च’साठी ‘ची’ हे अक्षर असते, पण त्यापुढे ‘ए’ किंवा ‘ई’ आली तरच. एरवी त्याचा ‘क’ होतो. हा नियम पाठ करण्याआधी ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. ‘आ’पुढे दातांजवळ असलेला ‘च’ ‘ई’पुढे टाळूकडे सरकतो. स्वर बदलला की व्यंजन जागा बदलते ही गोष्ट आपल्या तोंडाला ठाऊक आहे. त्यामुळे ‘आमीको’ म्हणजे मित्र आणि ‘आमीची’ म्हणजे अनेक मित्र हा बदल मराठी कानाला खटकू नये. ‘क’ तसाच टिकवायचा असेल तर मध्ये ‘आक्का’ हे मुके अक्षर घालतात. म्हणून मैत्रीण ‘आमीका’ आणि मैत्रिणी ‘आमीके’.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो जोडव्यंजनांना. ‘नोते’ म्हणजे स्वर किंवा टिपणे आणि ‘नोत्ते’ म्हणजे रात्र. ‘सेते’ म्हणजे तहान आणि ‘सेत्ते’ म्हणजे सात. ‘पाला’ म्हणजे फावडे आणि ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. ‘कापेल्लो’ म्हणजे केस आणि ‘काप्पेल्लो’ म्हणजे टोपी. माझ्या एका विद्यार्थिनीने कित्येक दिवस निरोप घेताना ‘ब्वोना नोते’ असेच म्हटले. ऐकणाऱ्याला अर्थ कळत होता, पण ‘शुभ रात्री’ काही होत नव्हती. तिच्यासाठी मी एक साधी रीत वापरली आणि आता सर्वांना तीच सांगते. तळहात टेबलावर ठेवावा, ‘नो’ म्हणताना एक टिचकी मारावी, मग जीभ दातांवर टेकवून तिथेच थांबावे, त्या थांबण्याची एक मूक टिचकी मोजावी आणि तिसऱ्या टिचकीला ‘ते’ सोडावे. ‘रसा’ आणि ‘रस्सा’, ‘पका’ आणि ‘पक्का’ या आपल्या जोड्या आधी अशाच म्हणून पाहाव्यात, म्हणजे टिचकी कुठे पडते ते हाताला कळते.

अडचणीच्या जागा दोन-तीनच आहेत. आपला ‘व’ ओठांनी होतो. इटालियन ‘वीनो’चा ‘व’ वरचे दात खालच्या ओठावर टेकवून करायचा असतो. ‘फ’ही तसाच, ‘फळ’मधला नव्हे. शब्दाच्या शेवटचा स्वर गिळायचा नसतो. आपण ‘राम’ लिहितो आणि शेवटचा ‘अ’ सोडून देतो, पण इटालियनमध्ये लिंग आणि वचन शेवटच्या स्वरावरच उभे असते. आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अवयवावर येतो, पण ‘नापोली’ आणि ‘तावोला’ यांसारख्या शब्दांत तो मागे सरकतो आणि ‘चित्ता’ म्हणजे शहर या शब्दात शेवटी जातो. शेवटी आघात असेल तेवढ्याच वेळी तो लिहून दाखवतात. बाकीचे ऐकून शिकावे लागते, आणि त्यासाठी गाण्याइतके चांगले साधन नाही.

दुसरी पायरी : मराठीच्या अंगाने व्याकरण (चौथ्या आठवड्यापासून)

इंग्रजी पुस्तकांत ‘मी प्याचे’ या रचनेवर अख्खे प्रकरण असते. मराठीत त्याला एक ओळ लागते : ‘मी प्याचे’ म्हणजे ‘मला आवडतो’. यातल्या ‘मी’चा अर्थ ‘मला’ असा आहे, एवढे मात्र लक्षात ठेवावे. ‘मी प्याचे ला कास्तान्या’ म्हणजे मला चेस्टनट आवडतो आणि ‘मी प्याच्चोनो ले कास्तान्ये’ म्हणजे मला चेस्टनट आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते, ज्याला आवडते त्याच्याप्रमाणे नाही. मराठीत आपण हेच करतो.

भूतकाळातही असेच आहे. ‘मार्को ए आंदातो’, ‘मारीया ए आंदाता’; तो गेला, ती गेली. जाणे-येणे दाखवणाऱ्या क्रियापदांचे रूप कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. त्याहून गंमतीचे म्हणजे आधी उल्लेख झालेल्या कर्माकडे सर्वनामाने बोट दाखवले की क्रियापद कर्माचे लिंग घेते. ‘तोर्ता’ म्हणजे केक हा शब्द तिकडे स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘लो मांजाता’, जसे आपण पोळीबद्दल ‘मी खाल्ली’ म्हणतो. ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली’ हा प्रयोग ज्याच्या अंगवळणी आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. चालू काळाचेही तसेच : ‘स्तो पार्लांदो’ म्हणजे मी बोलत आहे, ‘स्तो लेज्जेंदो’ म्हणजे मी वाचत आहे. आपला ‘-त’ जे काम करतो ते तिकडे ‘-आंदो’ आणि ‘-एंदो’ करतात. संगीताच्या पानांवर दिसणारा ‘क्रेशेंदो’ हा शब्द म्हणजे याच घडणीचा ‘वाढत’, आणि ‘राल्लेंतांदो’ म्हणजे ‘मंदावत’.

एक सापळा मात्र आहे आणि त्याची सूचना मी कुठल्याही पुस्तकात पाहिली नाही, कारण तो मराठी भाषकापुरताच आहे. आपल्याकडे ‘चांगला’ पुल्लिंगी, ‘चांगली’ स्त्रीलिंगी आणि ‘चांगले’ अनेकवचनी पुल्लिंगी. इटालियनमध्ये ‘बेल्लो’ पुल्लिंगी, ‘बेल्ला’ स्त्रीलिंगी, ‘बेल्ली’ अनेकवचनी पुल्लिंगी आणि ‘बेल्ले’ अनेकवचनी स्त्रीलिंगी. म्हणजे ‘आ’ ऐकले की आपला कान पुरुष समजतो आणि ‘ई’ ऐकले की एकटी स्त्री समजतो, आणि दोन्ही वेळा चुकतो. यावर उपाय म्हणजे निदान दोन महिने विशेषण कधीच एकटे लिहू नये. वहीत ‘नवी टोपी’, ‘नव्या टोप्या’ अशी नामासकट चारही रूपे मोठ्याने म्हणत लिहावीत.

संबोधनात तारांबळ होत नाही. जवळच्या माणसाला इटालियनमध्येही ‘तू’ असेच म्हणतात, उच्चारही तोच. अनोळखी, वडीलधाऱ्या किंवा कचेरीतल्या माणसाशी ‘लेई’ वापरतात, आणि त्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी येते. ‘बाईंनी बसावे’, ‘रावसाहेबांनी यावे’ अशी समोरच्यालाच तृतीय पुरुषात आदर देण्याची रीत ज्यांनी घरात ऐकली आहे, त्यांना ‘लेई’ची भावना लगेच कळते.

तिसरी पायरी : गाणे कसे अभ्यासावे

गाणे नुसते कानावर घेत राहिल्याने भाषा येत नाही. एका गाण्यावर सहा-सात दिवस काम करावे. पहिल्या दिवशी शब्द न पाहता तीनदा ऐकावे आणि जे कानाला पडेल ते देवनागरीत उतरवावे, अर्थ लागो वा न लागो. दुसऱ्या दिवशी मूळ शब्द समोर ठेवून आपले लिखाण तपासावे आणि जिथे जोडव्यंजन निसटले असेल तिथे लाल रेघ मारावी. या लाल रेघा म्हणजे आपल्या कानाचा नकाशा आहे. महिन्याभरात त्या कमी होताना दिसतात. पुढचे दोन दिवस गाणे म्हणू नये, ते गद्यासारखे वाचावे, म्हणजे चालीने दडपलेला नैसर्गिक आघात कळतो. मग गावे. गाताना एका शब्दाच्या शेवटचा स्वर आणि पुढच्या शब्दाचा पहिला स्वर एकाच सुरात मिसळतात, हे तेव्हा ध्यानात येते. शेवटच्या दिवशी गाण्यातला ‘मी’ काढून तिथे ‘ती’ घालावी आणि सगळी क्रियापदे बदलून लिहावीत. हा शेवटचा व्यायाम कंटाळवाणा वाटला तरी सोडू नये. माझ्या अनुभवात निम्मे व्याकरण तिथेच पक्के होते.

कोणते गाणे घ्यावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सुरुवातीला मुलांची गाणी घ्यावीत. ‘द्झेक्कीनो दोरो’ ही बालगीतांची स्पर्धा १९५९ पासून चालत आली आहे आणि तिच्या गाण्यांतले उच्चार स्वच्छ असतात. त्यानंतर सानरेमोच्या गीतमहोत्सवातली गाणी घ्यावीत. १९५१ मध्ये सुरू झालेला हा महोत्सव अलीकडे बहुधा फेब्रुवारीत भरतो आणि त्या आठवड्यात देशभर त्याचीच चर्चा असते. १९५८ मध्ये दोमेनिको मोदुन्यो यांनी तिथे गायिलेले, आणि जगभर ‘व्होलारे’ म्हणून ओळखले गेलेले गाणे शिकायला उत्तम आहे. ‘व्होलारे’ म्हणजे उडणे, हे तर नावातच मिळते.

दोन सावधगिरी बाळगाव्यात. जी गाणी आपण ‘इटालियन’ म्हणून ऐकतो त्यांतली बरीच नापोलीच्या बोलीत आहेत. १८९८ चे ‘ओ सोले मीओ’ घ्या. त्यातला ‘ओ’ हा उद्गार नाही, ती नापोलीची उपपदाची रीत आहे. प्रमाण भाषेत तिथे ‘इल’ येईल. ही गाणी जरूर ऐकावीत, पण त्यांतून व्याकरण शिकू नये. दुसरी सावधगिरी ऑपेराबद्दल आहे. मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात ९ मार्च १८४२ रोजी वेर्दी यांचे ‘नाबुक्को’ पहिल्यांदा झाले आणि त्यातले समूहगीत आजही लोकांना पाठ आहे, पण त्याची भाषा त्या काळीही जुन्या काव्याची होती. ऑपेरातला शब्द दुकानात वापरला तर तो पंडिती कवितेतला शब्द भाजी घेताना वापरल्यासारखा होतो. शिवाय चालीसाठी शब्दांचे शेवटचे स्वर गळतात, ‘आमोरे’चे ‘आमोर’ होते. ते रूप गाण्यातच ठेवावे.

चौथी पायरी : वर्षाच्या चाकाबरोबर

ऋतू चार आहेत : प्रीमावेरा, एस्ताते, आउतुन्नो, इन्वेर्नो; म्हणजे वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा. पहिले दोन स्त्रीलिंगी आणि पुढचे दोन पुल्लिंगी. महिन्यांची नावे शिकताना सेत्तेंब्रे, ओत्तोब्रे, नोवेंब्रे, दिचेंब्रे यांच्या पोटात सेत्ते, ओत्तो, नोवे, दिएची म्हणजे सात, आठ, नऊ, दहा हे आकडे दडलेले दिसतात. जुने रोमन वर्ष मार्चपासून, म्हणजे आपल्या चैत्राच्या सुमारास सुरू होत असे, त्याची ही खूण आहे. आपले सप्त, अष्ट, नव, दश शेजारी लिहून पाहावेत. नाते डोळ्यांना दिसते.

सुरुवात शरद ऋतूपासून करावी. द्राक्षांची तोडणी, म्हणजे ‘वेंदेम्म्या’, संपत आलेली असते आणि गावोगावी ‘साग्रा’ भरतात. एखाद्या पदार्थाच्या किंवा पिकाच्या नावाने भरणारा गावचा उत्सव म्हणजे साग्रा. या दिवसांत बाजारातले शब्द, वजने आणि ‘मी प्याचे’ यांचा सराव करावा. २ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. सिसिलीत त्या दिवशी घरातली गेलेली माणसे मुलांना भेटवस्तू ठेवून जातात अशी रीत आहे, आणि पालेर्मोच्या मार्तोराना चर्चच्या नावाने ओळखली जाणारी, बदामाच्या पिठाची रंगवलेली फळे घरोघरी येतात. या पाठात नात्यांची नावे आणि भूतकाळ शिकावा, कारण त्या दिवशी आजी-आजोबांच्या आठवणी निघतात. ११ नोव्हेंबरला सान मार्तीनो येतो. ‘आ सान मार्तीनो ओन्यी मोस्तो दिवेंता वीनो’, म्हणजे सान मार्तीनोला प्रत्येक रसाची दारू होते, ही म्हण साधा वर्तमानकाळ शिकवायला पुरेशी आहे.

डिसेंबर हा ऐकण्याचा महिना आहे. ७ तारखेला मिलानच्या सांत आंब्रोज्योच्या दिवशी ला स्कालाचा हंगाम सुरू होतो. ८ तारखेपासून घरोघरी ‘प्रेझेपे’, म्हणजे येशूजन्माचा गोठा मांडला जातो. अस्सीसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात जिवंत माणसे आणि जनावरे उभी करून असा देखावा केला होता. नापोलीच्या सान ग्रेगोर्यो आर्मेनो गल्लीत हे देखावे बनवणारे कारागीर वर्षभर काम करतात. गोव्यातल्या नाताळचे गोठे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना नापोलीच्या देखाव्यात एक गोष्ट वेगळी दिसेल. तिथे गोठ्याभोवती अख्खा बाजार असतो : मासेवाला, पाववाला, कपडे धुणारी बाई. एका देखाव्याचे छायाचित्र घ्यावे आणि त्यातला प्रत्येक माणूस काय करतो आहे ते ‘स्ता’ (‘स्तो’चे तृतीय पुरुषी रूप) आणि ‘-आंदो’ वापरून लिहावे. वीस वाक्ये सहज होतात.

याच दिवसांत ‘झांपोन्यारी’ येतात. आब्रुत्सो आणि मोलीझेच्या डोंगरांतले मेंढपाळ पूर्वी नाताळाआधीच्या नवेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, काळात रोम आणि नापोलीच्या रस्त्यांवर वाजवायला उतरत. त्यांची ‘झांपोन्या’ म्हणजे कातड्याच्या पिशवीचे वाद्य. काखेत पिशवी दाबून एक माणूस अखंड सूर धरतो आणि सोबतचा ‘चारामेल्ला’ नावाच्या सनईसारख्या वाद्यावर चाल वाजवतो. सुंद्री या छोट्या सनईची जोडी ऐकलेल्या कानाला हा धरलेला सूर परका वाटणार नाही. आल्फोन्सो दे लिगुओरी यांनी अठराव्या शतकात लिहिलेले ‘तू शेंदी दाल्ले स्तेल्ले’, म्हणजे ‘तू ताऱ्यांवरून उतरतोस’, हे नाताळगीत याच वाद्यांच्या चालीच्या अंगाने जाते. नावातल्या चार शब्दांत शब्दयोगी अव्यय आणि उपपद एकत्र कसे जुळतात (‘दा’ अधिक ‘ले’ म्हणजे ‘दाल्ले’) हे दिसते. त्या एका ओळीवरून उरलेली सगळी जोडरूपे बसवता येतात.

१ जानेवारी म्हणजे ‘कापोदान्नो’, वर्षाचे डोके. संगीतात ‘दा कापो’ म्हणजे ‘डोक्यापासून’, पुन्हा सुरुवातीपासून, शब्द तोच. वर्ष बदलते त्या रात्री मसूर खातात, कारण ते नाण्यांसारखे गोल असतात. आणि मग ६ जानेवारीला येते बेफाना.

बेफानावर मी मुद्दाम अख्खा आठवडा घालवते. ‘एपिफानीया’ या सणाच्या नावावरूनच तिचे नाव आले. झाडूवर बसून येणारी ही म्हातारी मुलांच्या मोज्यांत खाऊ भरते आणि खोडकर मुलांना कोळसा देते, जो हल्ली साखरेचाच असतो. तिच्याबद्दलची लोकपरंपरेतली ओळ अशी : ‘ला बेफाना व्येन दी नोत्ते, कोन ले स्कार्पे तुत्ते रोत्ते’. बेफाना रात्री येते, पायातल्या वहाणा साऱ्या फाटक्या. ही ओळ टिचक्या मारत म्हणावी. ‘नोत्ते’, ‘तुत्ते’, ‘रोत्ते’ यांत तीनदा तोच थांबा येतो. मग व्याकरण पाहावे : ‘ले स्कार्पे’ अनेकवचनी स्त्रीलिंगी, म्हणून ‘तुत्ते’ आणि ‘रोत्ते’ही ‘ए’ने संपतात. आता वहाणांच्या जागी ‘काप्पेल्ली’, म्हणजे पुल्लिंगी टोप्या, ठेवून ओळ बदलावी : ‘कोन ई काप्पेल्ली तुत्ती रोत्ती’. यमक मोडते, पण वर सांगितलेला ‘आ-ई-ए’चा सापळा या एका बदलाने सुटतो. ‘बेफाना आली की सारे सण घेऊन जाते’ अशी म्हणही आहे, आणि खरोखरच त्या दिवसानंतर झाडे उतरवली जातात.

फेब्रुवारीच्या आसपास ‘कार्नेवाले’. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाला ‘क्वारेझीमा’ म्हणतात, आणि त्यापूर्वी मांसाचा निरोप घ्यायचा हा काळ. नावात ‘कार्ने’ म्हणजे मांस आहेच. गोव्यातला कार्निव्हल याच उपवासाआधी येतो, तिथे तो पोर्तुगिजांबरोबर आला. व्हेनिसचे मुखवटे सर्वांना माहीत असतात. व्यारेज्जो या समुद्रकाठच्या गावात १८७३ पासून मिरवणूक निघते आणि तिच्यात आता कागदाच्या लगद्याच्या अवाढव्य आकृत्या गाड्यांवरून मिरवतात, आणि इव्ह्रेआत संत्र्यांची लढाई होते. उधळल्या जाणाऱ्या कागदी चकत्यांना ‘कोरियांदोली’ म्हणतात, कारण पूर्वी साखरेत घोळवलेले धने उधळत असत. ‘कोन्फेत्ती’ म्हणजे मात्र लग्नात वाटायचे साखरेच्या कवचातले बदाम. हा शब्द कागदासाठी वापरू नये.

या दिवसांत तळलेल्या, वर पिठीसाखर भुरभुरलेल्या पातळ पट्ट्या खातात. मिलानकडे त्यांना ‘क्याक्क्येरे’ म्हणजे गप्पा म्हणतात, रोममध्ये ‘फ्राप्पे’, तोस्कानात ‘चेंची’ म्हणजे चिंध्या, प्येमोंतेत ‘बुजीए’ म्हणजे थापा. ‘इन तोस्काना सी क्यामानो चेंची’, तोस्कानात त्यांना चेंची म्हणतात, अशी वाक्ये नकाशा समोर ठेवून म्हणावीत. प्रदेशांची नावे, ‘म्हणतात’ची रचना आणि बोलींचे वैविध्य एकाच पुडीत मिळते. शक्य असेल तर इटालियन कृती वाचून त्या घरी तळाव्यात. ‘लाटावे’, ‘तळावे’, ‘भुरभुरावे’ ही क्रियापदे हाताला पीठ लागलेले असताना शिकली की कायमची राहतात.

वसंतात ईस्टर, म्हणजे ‘पास्क्वा’, येते. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार अशी तिची मोजणी असल्याने तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरते. तिथीवर सण पाळणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. ‘नाताळ घरच्यांबरोबर, पास्क्वा हवी त्याच्याबरोबर’ या अर्थाची म्हण स्वामित्ववाचक सर्वनामांसाठी घ्यावी. दुसऱ्या दिवशी ‘पास्क्वेत्ता’, छोटी पास्क्वा. लोक डबे बांधून माळावर जातात.

२५ एप्रिलला इटली दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, नाझी-फॅसिस्ट अमलातून झालेली मुक्ती साजरी करते. या दिवसाचा पाठ मी मराठी विद्यार्थ्यांना वेगळ्या तऱ्हेने देते. त्या दिवसाच्या जेमतेम पंधरवडाभर आधी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेन्यो नदीच्या काठी मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून पाण्यापलीकडे आणले आणि शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या उडवल्या. त्याआधी १० जुलै १९४४ रोजी तीबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ‘फ्युमे’ म्हणजे नदी, ‘पोंते’ म्हणजे पूल, ‘सोल्दातो’ म्हणजे सैनिक, ‘लिबेर्ता’ म्हणजे स्वातंत्र्य एवढ्या शब्दांवर आणि नुकत्याच शिकलेल्या भूतकाळावर विद्यार्थ्याने या दोघांबद्दल दहा वाक्ये इटालियनमध्ये लिहावीत. आपल्या गावची माणसे त्या नदीकाठी होती हे त्या भाषेत सांगता येणे मला फार मोलाचे वाटते.

उन्हाळ्यात अभ्यास हलका ठेवावा. सियेनात २ जुलै आणि १६ ऑगस्टला चौकात घोड्यांची ‘पाल्यो’ शर्यत होते. १५ ऑगस्टचा ‘फेर्रागोस्तो’ सम्राट ऑगस्टसच्या नावाच्या सुट्टीवरून आला. त्या सुमारास शहरांतल्या दुकानांवर ‘क्यूझो पेर फेरीए’, सुट्टीनिमित्त बंद, अशी पाटी दिसते. दक्षिणेत सालेंतोमध्ये ‘पीत्सीका’ नाचतात. तिच्या डफाच्या ठेक्यावर आघाताचा सराव छान होतो.

पाचवी पायरी : वर्षअखेरीची परीक्षा

ज्यांना प्रमाणपत्र हवे असेल त्यांच्यासाठी सियेनाच्या परदेशीयांच्या विद्यापीठाची ‘चिल्स’ आणि पेरुजाच्या विद्यापीठाची ‘चेली’ या परीक्षा आहेत. वर्षभराच्या अशा अभ्यासानंतर त्यांची दुसरी पातळी देण्याचा विचार करायला हरकत नाही.

पण मी स्वतः विद्यार्थ्यांची परीक्षा विवाल्दींच्या चार ऋतूंवर घेते. व्हेनिसचे संगीतकार आंतोन्यो विवाल्दी यांचे हे चार कोन्चेर्तो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, १७२५ मध्ये आम्स्टरडॅममध्ये छापले गेले, आणि प्रत्येकाबरोबर चौदा ओळींचे एक इटालियन सुनीत छापलेले होते. सुनीताच्या ओळींना अक्षरे दिली होती आणि तीच अक्षरे स्वरलिपीत घातली होती, म्हणजे कोणत्या ओळीला कोणता सूर वाजतो ते नेमके कळते. वसंताच्या दुसऱ्या भागात शेळ्या राखणारा झोपलेला असतो आणि व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचे थोरले भावंड, एकच दोन-सुरी ठोका पुन्हा पुन्हा देत राहतो. तिथे विवाल्दींनी लिहिले आहे : ‘इल काने के ग्रीदा’, ओरडणारा कुत्रा. यातला ‘के’ म्हणजे आपला ‘जो’; संबंधी सर्वनामाचा याहून सोपा धडा मला सापडलेला नाही.

एका वेळी एकच ऋतू घ्यावा, आणि तो बाहेरच्या नव्हे, तर इटलीच्या ऋतूप्रमाणे. सुनीत आधी गद्यासारखे वाचावे, गळालेले स्वर पेन्सिलीने भरून काढावेत, मग संगीत लावून ओळ आणि सूर जुळवावेत. हिवाळ्याचे सुनीत शेवटी ठेवावे. त्याच्या पहिल्या भागात थंडीने दात वाजण्याची ओळ आहे, ‘बात्तेर ई देंती’, आणि तारांवर सूर थरथरत असतात. ‘बात्तेरे’चा शेवटचा ‘ए’ गळला आहे हे ओळखता आले, ‘त्त’वर जीभ दातांवर टेकून क्षणभर थांबली, आणि ‘देंती’ म्हणजे दंत, पुल्लिंगी अनेकवचन, हे विचार न करता उमगले, की वही मिटून पुन्हा ‘दा कापो’ सुरू करावे, या वेळी देवनागरी उच्चाराचा रकाना न आखता.